घड्याळांचा मुलूख

ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळची एखादी सागवानी पेटी अजून शाबूत असेल, त्यांनीं ती एकदां तळापर्यंत उपसून पाहावी. जुनीं खतपत्रें आणि जरीच्या उपरण्याची घडी यांच्याखालीं पुष्कळदां एक बंद पडलेलें, साखळीचें, खिशांत ठेवावयाचें घड्याळ सांपडतें. पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ असें नांव, आणि त्याखालीं मुंबई व कलकत्ता या दोन शहरांचा निर्देश. एके काळीं रेल्वेचे नोकर व पलटणींतले लोक हें घड्याळ मोठ्या अभिमानानें बाळगीत. नांव इंग्रजी, शहरें हिंदुस्थानांतलीं. परंतु मागचें झांकण उघडलें कीं आंतील यंत्र मात्र स्वित्झर्लंडमधील जुरा डोंगरांतल्या सेंट इमिये या लहानशा गांवचें! ‘फाव्र-ल्यूबा’ या दुसऱ्या सुपरिचित नांवाचीही हीच कथा. ती पेढी त्याच डोंगरांतल्या ल लोक्ल गांवची, आणि तिनेंही एकोणिसाव्या शतकांतच मुंबईशीं व्यापाराचें नातें जोडलें होतें.

आतां नकाशा पाहावा. जुरा ही फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरची डोंगरांची रांग. तिच्या माथ्यावरचीं ला शो-द-फाँ व ल लोक्ल हीं गांवें सुमारें १,००० मीटर उंचीवर वसलेलीं आहेत. जवळपास कोळसा नाहीं, बंदर शेंकडों मैल दूर, जमीन अशी कीं गुरें चारावीं आणि थोडेंबहुत धान्य पिकवावें. वर्षांतील कित्येक महिने तीही बर्फाखालीं जाते. घड्याळाला लागणारें उत्तम पोलाद बराच काळ इंग्लंडांतून येई. सोनें, माणकें हींही बाहेरचींच. मजुरी स्वस्त म्हणावी, तर आज जगांतील सर्वांत महाग मजुरीच्या देशांत स्वित्झर्लंडची गणना होते. आणि असें असूनही २०२३ सालीं या चिमुकल्या देशानें सुमारें २६.७ अब्ज फ्रँकांचीं घड्याळें परदेशीं विकलीं.

एखाद्या मुलुखांत कारखानदारी कां रुजते आणि दुसऱ्यांशीं टक्कर देत कां टिकते, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे तीन उत्तरें ठरलेलीं असतात : कच्चा माल जवळ असावा, मजूर स्वस्त असावा, आणि सरकारनें किंवा सावकारानें भांडवल पुरवावें. यांपैकीं एकही उत्तर जुराला लागू पडत नाहीं. म्हणूनच या डोंगराची हकीकत जरा निवांतपणें वाचण्यासारखी आहे. ती नुसती यशाची हकीकत नाहीं. दोन वेळां हा धंदा बुडतां बुडतां वांचला, आणि दुसऱ्या खेपेस तर हजारों घरांच्या चुली त्यानें विझविल्या.

आरंभ जिनीव्हा शहरीं झाला. सोळाव्या शतकांत कॅल्व्हिन या कडव्या धर्मसुधारकाचा तेथें अंमल बसला, आणि दागदागिने हे देहाच्या गर्वाचें लक्षण म्हणून निषिद्ध ठरले. सोनार-जडावकाम करणारे कारागीर मोठ्या पेचांत सांपडले. घड्याळ ही मात्र उपयोगाची वस्तु. तिला आडकाठी नव्हती. त्याच सुमारास फ्रान्समध्यें छळ होऊं लागलेले ह्यूगनॉट पंथाचे लोक जिनीव्हांत आश्रयास आले, आणि त्यांतले कित्येक घड्याळजी होते. बेकार सोनाराचे हात आणि निर्वासिताची विद्या यांचा असा संयोग झाला. १६०१ सालीं जिनीव्हाच्या घड्याळजींनीं आपला संघ स्थापला. त्या संघाचे नियम कडक होते : किती उमेदवार घ्यावे, कोणीं घ्यावे, कोणास धंद्यांत शिरूं द्यावें, याविषयीं पुष्कळ बंधनें.

डोंगरावर असा संघ नव्हता, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिकडील शेतकरी हिवाळ्यांत घरांत कोंडला जाई. बायका नाजूक लेस विणीत, पुरुष लांकडाचें व लोखंडाचें काम करीत. हाताला बारीक कामाची संवय अगोदरच होती. ल लोक्लमध्यें एक दंतकथा सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस एक घोड्यांचा व्यापारी लंडनचें बिघडलेलें घड्याळ घेऊन खोऱ्यांतून चालला होता. लोहाराच्या डानिएल जाँरिशार नांवाच्या पोरानें तें दुरुस्त करून दिलें, आणि मग तसेंच दुसरें स्वतः घडविलें. हा जाँरिशार खरा पुरुष. तो १७४१ सालीं वारला आणि ल लोक्लमध्यें त्याचा पुतळा आहे. घोडेवाल्याची गोष्ट कितपत खरी, हें सांगणें कठीण. एका मुलानें एका दुपारीं धंदा निर्माण केला असें मानावयास लोकांना आवडतें. खरी कामगिरी त्यानें पुढें केली : आपली विद्या त्यानें झांकून ठेवली नाहीं. मुलांना शिकविली, शेजाऱ्यांना शिकविली, आणि शिकलेल्यांनीं आणखी शेजाऱ्यांना. अडविणारा संघ नसल्यामुळें ज्याला हात होता त्याला धंदा मिळाला.

पुढील शंभर-दीडशें वर्षांत या डोंगरावर जी व्यवस्था उभी राहिली, तिचें वर्णन करतांना आपल्याला बलुतेदारी आठवल्यावांचून राहत नाहीं. फरक इतकाच कीं येथलें बलुतें जन्मानें ठरत नसे. एका घरीं चाकें कापलीं जात, दुसऱ्या घरीं त्यांना दांते पाडले जात, तिसऱ्या घरीं कांटे. कोणी केवळ केसासारखी बारीक कमान करी, कोणी तबकडीवर मिना चढवी, कोणी त्यावर आंकडे रेखी, कोणी सोन्याच्या झांकणावर नक्षी कोरी. माणकांना सुईच्या टोंकाएवढें भोंक पाडण्याचें काम पुष्कळदां बायकांच्या हातीं असे. हे सारे भाग विकत घेऊन व जुळवून घेऊन बाजारांत पाठविणारा एक व्यापारी असे. त्यास तिकडे ‘एताब्लिसर’ म्हणत. आपण जुळणीदार म्हणूं. त्याला मोठी इमारत नको, शेंकडों यंत्रें नकोत. हवी ती कोणाच्या हाताला किती सफाई आहे याची पारख, आणि दूरदेशीं काय खपतें याची माहिती. तुर्कस्तानासाठीं तुर्की आंकड्यांची तबकडी हवी, तर ती आठ-पंधरा दिवसांत निघे. चीनमधील श्रीमंतांना जोडीजोडीनें घड्याळें घेण्याची हौस, तर फ्लरिए या गांवीं बोव्हे घराण्यानें १८२२ नंतर त्यावरच आपला व्यापार उभारला. मोठ्या कारखान्याला वळण बदलावयास वर्षें लागतात. या विखुरलेल्या कारखान्याचें वळण दोन-चार निरोपांत बदले.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कामाची अशी वांटणी इंग्लंडांतही होती. लंडनजवळ क्लार्कनवेलमध्यें, लँकेशायरमध्यें प्रेस्कटला, कॉव्हेंट्रीला असेच भाग करणारे कारागीर गल्लीगल्लींतून बसलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतील सुमारें निम्मीं घड्याळें इंग्रज करीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग इंग्रजांचा धंदा कां लयास गेला? त्यांचें घड्याळ उत्तम होतें, आणि हेंच त्यांच्या मुळावर आलें. जाडजूड, मजबूत, साखळीनें कमानीची ओढ सारखी राखणारें असें जें यंत्र त्यांच्या आजोबांनीं परिपूर्ण केलें, तेंच नातवांनीं चालू ठेवलें. फ्रान्समध्यें लेपिननें पातळ यंत्राची नवी रचना काढली, ती जुराच्या लोकांनीं उचलली. इंग्रजांनीं नाक मुरडलें. १८४३ सालीं पिएर-फ्रेडरिक इंगोल्ड या स्विस कारागिरानें लंडनमध्यें यंत्रांनीं घड्याळाचे भाग करण्याचा कारखाना काढण्याचा घाट घातला. तेथल्या घड्याळजींनीं अशी ओरड केली कीं पार्लमेंटांत त्या कंपनीच्या मागणीचा निकाल विरुद्ध लागला. पन्नास-साठ वर्षांत इंग्रज गिऱ्हाईकाच्या खिशांतही स्विस घड्याळ आलें. तेव्हां नुसती कामाची वांटणी पुरेशी नाहीं.

ला शो-द-फाँ १७९४ सालीं आगीनें जळून बहुतेक भस्मसात् झालें. पुन्हां बांधतांना तें हळूहळू एकाच कामासाठीं आंखलें गेलें : सरळ समांतर रस्ते, मधून बागा, आणि प्रत्येक घराला भरपूर उजेड मिळेल अशा खिडक्यांच्या रांगा. कारण घड्याळजीचें खरें भांडवल म्हणजे उजेड. खिडकीपाशीं लांबट मेज, डोळ्याला भिंग, आणि बाहेर बर्फावरून परतणारा शुभ्र प्रकाश, असें तें घराघरांतील दृश्य. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कॅपिटल’ ग्रंथांत मार्क्सनें या गांवाचा उल्लेख केला आहे, आणि हें अवघें गांव म्हणजे एकच घड्याळांचा कारखाना समजावा असा त्याचा अभिप्राय आहे. हें आणि ल लोक्ल हीं दोन्ही गांवें त्यांच्या या रचनेसाठींच युनेस्कोनें २००९ सालीं जागतिक वारशांत समाविष्ट केलीं. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं चंदीगड शहराची आंखणी करणारा ल कॉर्ब्यूझिए याच गांवीं १८८७ सालीं जन्मला. त्याचा बाप तबकड्यांवर मिना चढवी, आणि तो स्वतः गांवच्या कलाशाळेंत घड्याळाच्या झांकणावरील कोरीव काम शिकला होता.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर त्याकडे जरा अधिक लक्ष देतों. कारण माझ्या मतें सर्व प्रकरणाची किल्ली येथें आहे. बापानें मुलाला, उस्तादानें उमेदवाराला शिकवावें, ही परंपरा चांगली. परंतु तिच्यांत एक खोट असते. बापाला जें ठाऊक नाहीं तें मुलाला कळत नाहीं, आणि उस्तादाची चूक चार पिढ्या जशीच्या तशी उतरते. जिनीव्हांत १८२४ सालीं घड्याळांची शाळा निघाली. डोंगरावर ला शो-द-फाँला १८६५, सेंट इमियेला १८६६ आणि ल लोक्लला १८६८, अशा तीन शाळा चार वर्षांत निघाल्या. त्यांत भूमिति, यंत्रशास्त्र व आलेखन शिकवीत, आणि हातानें पहिल्यापासून शेवटपर्यंत संबंध घड्याळ करावयास लावीत. जो पुढें जन्मभर केवळ कांटे करणार, त्यालाही आपला कांटा कोणत्या चाकावर फिरणार हें कळत असे.

याहून विलक्षण गोष्ट वेधशाळेची. न्यूशातेल येथें १८५८ सालीं सरकारी वेधशाळा उभारली गेली, ती तारे पाहण्याच्या हौसेनें नव्हे. ताऱ्यांवरून अचूक वेळ काढावी, तारायंत्रानें ती डोंगरावरच्या गांवांना कळवावी, आणि कारागिरांनीं पाठविलेलीं घड्याळें कित्येक दिवस निरनिराळ्या स्थितींत व निरनिराळ्या उष्णमानांत ठेवून त्यांची परीक्षा करावी, हें तिचें मुख्य काम. निकाल छापून जाहीर होत. कोणाचें घड्याळ पहिलें आलें, कोणाचें मागें पडलें, हें सगळ्या मुलुखाला कळे. शेजाऱ्याशीं सहकार्य आणि शेजाऱ्याशींच चुरस, अशी ही दुहेरी गांठ होती. एकट्या कारखानदाराला असली वेधशाळा बांधणें परवडलें नसतें, आणि त्यानें बांधली असती तरी तिच्या निकालावर कोणी विश्वास ठेवला नसता. धंद्याची विद्या गांवच्या हवेंतच भिनलेली असते आणि मुलें ती नकळत शिकतात, या अर्थाचा विचार आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८९० सालीं मांडला. जुराच्या लोकांनीं त्या हवेवर विसंबून न राहतां तिला शाळा आणि कसोटी या दोन भिंतींचें घर बांधून दिलें होतें.

या घराची पहिली परीक्षा अमेरिकेनें घेतली. बॉस्टनजवळ वॉल्थॅम येथें यंत्रांनीं एकसारखे भाग काढून, कोणताही भाग कोणत्याही घड्याळांत बसेल अशा रीतीनें घड्याळें होऊं लागलीं होतीं. १८७२ सालीं स्वित्झर्लंडांतून अमेरिकेंत सुमारें १८ दशलक्ष फ्रँकांचा माल गेला होता. १८७६ सालीं तो पांच दशलक्षांच्याही खालीं आला. त्याच वर्षीं फिलाडेल्फियास मोठें प्रदर्शन भरलें. परीक्षक म्हणून गेलेला एद्वार फाव्र-पेरे हा स्विस गृहस्थ वॉल्थॅमचें एक घड्याळ घेऊन परतला. तें त्यानें मुद्दाम निवडून घेतलें नव्हतें. पांचव्या प्रतीच्या मालांतून समोर आलेलें एक घेतलें, इतकेंच. ल लोक्लच्या एका निष्णात कारागिराला त्यानें तें तपासावयास दिलें, आणि हजारों स्विस घड्याळांतून असें एखादेंच निघेल असा कबुलीजबाब ऐकला. ही हकीकत त्यानें ला शो-द-फाँच्या सभेंत, घड्याळजींच्या तोंडावर सांगितली.

अशा प्रसंगीं दोन मार्ग असतात. परक्याचा माल हलका, गिऱ्हाईकाला अक्कल नाहीं, जकात बसवा, अशी ओरड करणें हा एक. इंग्रज घड्याळजी तो चोखाळून चुकले होते. जुरानें दुसरा धरला. सेंट इमियेच्या लाँजीन कारखान्याचा इंजिनिअर जाक दाव्हीद यास अमेरिकेस पाठविण्यांत आलें होतें. त्यानें तेथलीं यंत्रें, हिशेब, मजुरीची व्यवस्था सर्व बारकाईनें पाहून १८७७ च्या आरंभीं शंभरांवर पानांचा हस्तलिखित अहवाल लिहिला. त्यांत आत्मप्रशंसेचा लवलेश नाहीं. आपण मागें पडलों आहों, आणि असेच राहिलों तर बुडूं, हें त्यानें आंकड्यांनिशीं दाखविलें. मग यंत्रें आलीं, कारखाने वाढले. परंतु जुळणीदाराची जुनी व्यवस्थाही मोडली नाहीं. ज्या भागांना यंत्राची अचूकता हवी ते यंत्रावर, आणि ज्यांना हाताची सफाई हवी ते हातानें, अशी नवी वांटणी झाली. शिवाय अमेरिकन यंत्रांची नुसती नक्कल न करतां याच मुलुखांत बारीक भाग कातणारें एक निराळेंच स्वयंचलित लेथ तयार झालें. मूत्ये हें गांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि त्या जातीच्या यंत्राला जगभर आजही ‘स्विस’ हेंच विशेषण लावतात. शतक सरतांना स्विस घड्याळें पुन्हां पुढें होतीं. आपल्या पेटींतलें ‘वेस्ट एंड’ त्याच लाटेबरोबर मुंबईस आलेलें.

पहिल्या महायुद्धानंतरची मंदी मात्र फार कडक होती. निराशेनें कांहीं व्यापारी सुटे भाग परदेशीं विकूं लागले; तेथें जुळणी होई आणि जकात चुके. यामुळें धंदाच परदेशीं जाईल या भीतीनें प्रथम कारखानदारांनीं संघ केले, आणि १९३४ पासून सरकारनें कायदा केला. नवीन कारखाना काढावयास परवाना, कारखाना वाढवावयास परवाना, भाग व यंत्रें बाहेर पाठवावयास मनाई, असे निर्बंध सुरू झाले. त्यामुळें लहान घरें तगलीं हें खरें. परंतु ज्या डोंगराचें भाग्य संघ नसल्यामुळें उदयास आलें, त्यानेंच आतां जिनीव्हाच्या जुन्या संघाहून कडक कुंपण स्वतःभोंवतीं घातलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जगांतील निम्म्याहून अधिक घड्याळें स्वित्झर्लंडचीं होतीं, तेव्हां कुंपणांतल्या माणसाला तें कुंपण दिसत नव्हतें. १९७१ पर्यंत हे निर्बंध टप्प्याटप्प्यानें गेले. पण तोंवर फार उशीर झाला होता.

पुढच्या हकीकतींतली बोंचणारी गोष्ट अशी कीं जुराच्या लोकांना नवी विद्या ठाऊक नव्हती असें नाहीं. क्वार्ट्झ स्फटिकाला विजेचा स्पर्श केला म्हणजे तो सेकंदांत हजारों वेळां थरथरतो. ती थरथर मोजली कीं वेळ मिळते. चाकाच्या घड्याळाचा तोल सेकंदाला पांच-दहा ठोके देतो, तेथें हे हजारों. दोहोंच्या अचूकतेची तुलनाच होत नाहीं. याचा शोध घेण्यासाठीं स्विस कारखानदारांनीं १९६२ सालीं न्यूशातेल येथें एक सामाईक प्रयोगशाळा काढली, आणि १९६७ सालीं तिनें क्वार्ट्झवर चालणारें मनगटी घड्याळ जगांत प्रथम तयार केलें. त्याच वेधशाळेच्या परीक्षांत जपानची सेइको कंपनीही काहीं वर्षें आपलीं घड्याळें पाठवीत होती. आरंभीं तिचा क्रमांक शंभराच्याही खालीं लागला. पुढें दर वर्षीं ती वर चढत गेली. १९६७ नंतर न्यूशातेलच्या त्या परीक्षाच बंद झाल्या. आणि २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकियोंत सेइकोनें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ दुकानांत आणून विकलें. किंमत एका लहान मोटारीइतकी. पण किमती उतरावयास वेळ लागला नाहीं. स्विस घड्याळ पुढल्या वर्षीं आलें.

प्रयोगशाळेंत पहिले आणि बाजारांत दुसरे, असें कां झालें? जपानी कंपनीच्या एका घरांत सर्व खातीं होतीं. धन्यानें ठरविलें कीं वळण बदले. जुरांत शेंकडों मालक. कमान करणाराला, तोलचक्र करणाराला, माणकांना भोंक पाडणाराला नव्या घड्याळांत कामच उरत नव्हतें. ज्या विखुरलेल्या व्यवस्थेनें तुर्की तबकडी पंधरा दिवसांत काढली, तिला स्वतःचें अर्धें अंग छाटून टाकण्याचा निर्णय घेतां येईना. लहान फेरफाराला ती फार चपळ, मोठ्या फेरफाराला फार जड. त्यांतच स्विस फ्रँकचा भाव चढला, आणि परदेशांत माल महागला. पण या कारणांहूनही मला एक कारण मोठें वाटतें. १८७६ सालीं वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला लोकांनीं सभेंत उभें केलें होतें. या वेळीं ती बातमी घरच्याच प्रयोगशाळेंतून आली, आणि तिच्याकडे एक कौतुकाचा प्रयोग म्हणून पाहिलें गेलें.

परिणाम भयंकर झाला. १९७० सालीं या धंद्यांत सुमारें ९०,००० माणसें होतीं. १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत तीं तीस हजारांच्या आसपास आलीं. एकट्या ला शो-द-फाँची वस्ती दहा वर्षांत ४२ हजारांवरून ३७ हजारांवर उतरली. ज्या घरांत आजी, आई आणि मुलगी एकाच खिडकींत बसून काम करीत, तेथें मेजें रिकामीं झालीं. अवजारें मोडींत गेलीं. पन्नाशीच्या कारागिराला दुसरें काय येतें, असा प्रश्न प्रत्येक गल्लींत होता, आणि त्याला उत्तर नव्हतें.

बँकांनीं दोन मोठे बुडीत समूह सांभाळण्यासाठीं बैरूटांत जन्मलेले सल्लागार निकोलस हायेक यांचा सल्ला घेतला, आणि १९८३ सालीं ते समूह एकत्र झाले. त्याच वर्षीं १ मार्चला झूरिकमध्यें ‘स्वॉच’ हें प्लॅस्टिकचें क्वार्ट्झ घड्याळ विक्रीस आलें. एर्न्स्ट टॉमके यांच्या हाताखालच्या दोघां तरुण इंजिनिअरांनीं, एल्मार मोक आणि जाक म्यूलर यांनीं, तें घडविलें होतें. नेहमींच्या घड्याळांत नव्वदाहून अधिक भाग. यांत केवळ ५१. यंत्राची पाटी वेगळी ठेवण्याऐवजीं घड्याळाचें खालचें कवचच पाटी म्हणून वापरलें होतें. आतां ही युक्ति आली कोठून? चार वर्षांपूर्वीं याच कारखानदारांनीं जपान्यांवर कडी करण्यासाठीं दोन मिलिमीटरांहूनही पातळ असें सोन्याचें महागडें घड्याळ काढलें होतें, त्यांत ती प्रथम वापरली गेली. श्रीमंताच्या मनगटासाठीं शोधलेली कसब पोरासोरांच्या मनगटावर आली. आणि हें स्वस्त घड्याळ महाग मजुरीच्या देशांतच, यंत्रांवर, तयार होऊं लागलें. हाताशीं सांचे करणारे, बारीक कातकाम करणारे, यंत्र जुळविणारे शेजारी होते म्हणूनच तें शक्य झालें. मरतां मरतांही त्या मुलुखांत एवढें शिल्लक होतें.

त्याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडली, जिचा भरंवसा कोणालाच नव्हता. चावीचीं, चाकांचीं, टिकटिकणारीं जुनीं घड्याळें लोक पुन्हां मागूं लागले, आणि तींही भारी किमतीचीं. वेळेसाठीं नव्हे, वेळ तर स्वस्त क्वार्ट्झही देतो. हातानें केलेली उत्तम वस्तु जवळ असावी म्हणून. परंतु तीं करावयाचीं कशीं? अवजारें मोडींत, कारागीर पांगलेले. आज स्वित्झर्लंडांतून बाहेर जाणाऱ्या घड्याळांची संख्या जगाच्या मानानें अगदींच थोडी आहे, वर्षाला दीड कोटीच्या आसपास. मिळकतीचा मोठा वांटा या महाग घड्याळांचा. हा धंदा उभा राहूं शकला त्याचें श्रेय हायेक यांच्याइतकेंच कांहीं अप्रसिद्ध माणसांना द्यावें लागतें. त्यांतल्या एकाची हकीकत सांगून थांबतों.

ल लोक्लच्या झेनिथ कारखान्यानें १९६९ सालीं ‘एल प्रिमेरो’ नांवाचें एक अत्यंत अवघड यंत्र केलें होतें : आपोआप चावी बसणारें, आणि सेकंदाच्या दशांशापर्यंत वेळ मोजणारें. पुढें कारखाना शिकागोच्या एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा झाला. १९७५ सालीं मालकांचा हुकूम आला : चाकांचीं घड्याळें बंद, यापुढें फक्त क्वार्ट्झ, जुनीं अवजारें भंगारांत काढावीं. शार्ल व्हर्मो हा तेथला एका खात्यावरचा मुकादम. त्यानें वरिष्ठांना पत्र लिहिलें कीं ही विद्या गेली तर पुन्हां येणार नाहीं, निदान एक कोपरा तरी राखावा. उत्तर आलें नाहीं. तेव्हां तो हुकूम त्यानें अर्धाच पाळला. संध्याकाळीं काम संपल्यावर तो एकेक सांचा, एकेक दाबयंत्र, कातण्याचीं अवजारें माळ्यावर नेऊन ठेवूं लागला. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि एका वहींत कोणतें अवजार कोणत्या भागासाठीं, कोणत्या क्रमानें वापरावयाचें याची टिपणें. मग माळ्याचा तो भाग त्यानें बंद करून टाकला.

नऊ वर्षें तें तसेंच राहिलें. १९८४ सालीं कारखाना नव्या, स्विस मालकाकडे असतांना त्या यंत्राची मागणी आली, आणि पुन्हां अवजारें करावयाचीं तर लागणारा खर्च ऐकून सारे गप्प झाले. तेव्हां व्हर्मोनें त्यांना जिना चढून वर नेलें. कांहीं वर्षांनीं रोलेक्ससारख्या कंपनीनेंही आपल्या घड्याळांसाठीं तेंच यंत्र ल लोक्लहून मागविलें. तो माळा आजही राखून ठेवलेला आहे, आणि कारखाना पाहावयास येणाऱ्यांना तो दाखवितात.